ताईच्या बायोडाट्यातली शेवटची ओळ

दहावीची परीक्षा संपली आणि आईने मला घराबाहेर काढायचं ठरवलं. मी घरात रिकामी राहिले तर घर जागेवर राहणार नाही, असं तिचं म्हणणं. तिचं अगदीच चूक नव्हतं. पाच दिवसांत मी वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, मोबाईलची भाषा बदलून तमिळ करून ठेवली होती आणि परत मराठी कुठून करायची ते मलाही सापडत नव्हतं. आण्णा दोन दिवस हिरवं बटण ओळखून फोन घेत होते, लावायचा असला की शेजाऱ्याकडे जात होते. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, असं मी आजही म्हणते. आई आजही मानत नाही.

तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात बाजाराच्या रस्त्याला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक संगणक केंद्र होतं. जिना चढताना खताचा वास यायचा, वर गेलं की सहा जुने संगणक आणि आमचे सर. सर नांदेडला शिकून परत आले होते. त्यांनी नोकरी का केली नाही, याचं गावात प्रत्येकाकडे वेगळं कारण होतं. केंद्र शिकवणीवर कमी आणि झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म आणि लग्नाच्या बायोडाट्यांवर जास्त चालायचं.

पहिल्या दिवशी मी खुर्चीवर बसले आणि माऊस शोधायला लागले. सरांनी टेबलाचा ड्रॉवर उघडून दाखवला. सहाच्या सहा माऊस आत शेपट्या गुंडाळून पडले होते. त्यांनी ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. "महिनाभर मिळणार नाही. बोट दाखवून कोणीपण मागतं. तुम्ही आधी नीट बोलून मागायला शिका."

गावभरच्या पेनड्राईव्हमधून येणाऱ्या व्हायरसला कंटाळून सरांनी सगळ्या संगणकांवर लिनक्स टाकलं होतं, तेही इतकं हलकं की चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. काळा पडदा आणि त्यावर उघडझाप करणारी एक पांढरी रेघ. त्या रेघेपाशी हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं. सर कमांडला हुकूमच म्हणायचे. एल-एस लिहिलं की या खोलीत काय काय आहे ते दिसतं. सी-डी लिहिलं की दुसऱ्या खोलीत जाता येतं. एम-व्ही लिहिलं की वस्तू इकडची तिकडे होते. खोली म्हणजे फोल्डर, वस्तू म्हणजे फाईल.

बाकीच्या पोरी कंटाळल्या. मला मात्र हे फारच आवडलं, आणि का आवडलं ते सांगायला मला लाज नाही. घरात मी सगळ्यात धाकटी. पाणी आण म्हटलं की आणायचं, आणि मी काही म्हटलं की "तू गप बस". इथे मी दोन अक्षरं लिहायचे आणि ते होत होतं. चुकलं तर यंत्र म्हणायचं, असा हुकूम मला माहीत नाही. पण गप बस असं कधी म्हणालं नाही.

आठवडाभरात मी शेजारच्या मैत्रिणीची फाईल एका खोलीत, ती खोली दुसऱ्या खोलीत, अशी सतरा खोल्यांच्या आत नेऊन ठेवली. ती बिचारी रडकुंडीला आली. मग कळलं की नावाच्या आधी एक टिंब दिलं की फाईल दिसेनाशी होते. मी सरांची हजेरी दिसेनाशी केली. सरांनी एल-एसपुढे दोन अक्षरं वाढवली, हजेरी समोर हजर. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "तुझ्या डोक्यात चांगलं आणि वाईट एकाच दारानं शिरतं." मला ते कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी तारा शिकवला. हुकमापुढे एकेका फाईलीचं नाव लिहायच्या ऐवजी नुसतं ताऱ्याचं चिन्ह दिलं की त्या खोलीतलं सगळं त्यात आलं. पोरींना कळेना, तेव्हा सर म्हणाले, "लग्नाचं आवतन कसं देतात? नाव घेऊन दिलं तर एकटा माणूस येतो. चूलबंद दिलं तर घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हातारंकोतारं, लेकरू, सगळं जेवायला. तारा म्हणजे चूलबंद आवतन." मग एकदम सगळ्यांना कळलं.

आणि त्याच्या पाठोपाठ आला सेड. फाईल न उघडता तिच्यातली ओळ बदलून टाकणारा हुकूम. सरांनी माझ्याकडून गावातल्या शेतांची एक खोटी यादी करून घेतली आणि एका ओळीत सगळीकडचं सोयाबीन काढून हळद लावायला सांगितली. मी एंटर दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आमच्या शेतासकट अख्ख्या गावात हळद झाली. मी त्या दिवशी घरी गेले ती हवेत तरंगतच.

इकडे घरी ताईचं चाललं होतं. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, हिंगोलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. रोज सकाळी जीपने जायची, संध्याकाळी जीपने यायची, आणि जेवताना हाडांची नावं पाठ करायची. अजून दोन वर्षं बाकी होती. पण मामाआबांनी, म्हणजे आण्णांच्या मामांनी, कनेरगाव नाक्याजवळचं एक स्थळ आणलं. मामाआबा दर उन्हाळ्यात पाच-सहा लग्नं जमवायचे आणि सगळ्यांचे बायोडाटे आमच्या सरांकडूनच काढून घ्यायचे.

ताई आण्णांना म्हणाली, "मला शिकायचं हाय."

"शिक की," आण्णा म्हणाले. "पाहुणे येऊन गेल्यानं शिकणं थांबून राहिलं काय?"

दुसऱ्या दिवशी आण्णा आणि मामाआबा केंद्रात येऊन सरांना मजकूर सांगायला बसले, तेव्हा मी मागच्या संगणकावर होते. नाव, जन्मतारीख, उंची, रंग, मामाचं गाव. शेवटी सरांनी विचारलं, "अपेक्षा काय लिहू?" मामाआबा म्हणाले, "नेहमीचंच. निर्व्यसनी, सुस्वभावी, अनुरूप." मी मागून म्हटलं, "ताईला शिकायचं हाय, ते लिवा." आण्णांनी मान वळवली. "असलं कागदावर लिहायचं नसतं. लोक म्हणतील पोरगी आतापासूनच अटी घालून राहिली. तू गप बस."

ते गप बस मला लागलं. ताईचं शिक्षण त्या एका ओळीवर अडलंय आणि ती ओळ लिहायला कोणी तयार नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

दोन दिवसांनी दुपारी लाईट गेली. बाकीच्या पोरी घरी गेल्या. इन्व्हर्टरवर फक्त सरांचा संगणक चालायचा. सर म्हणाले, "बस माझ्या जागी, सराव कर, मी खालून चहा घेऊन येतो." मी बसले आणि सी-डी करून थेट बायोडाट्यांच्या खोलीत गेले. सर मजकूर साध्या फाईलीत ठेवायचे. छापताना कडेची वेलबुट्टी आणि वरचा गणपती, नाहीतर बुद्धाची मूर्ती, आपोआप लागायची. मामाआबांनी सांगितलेले कागद अजून छापायचे होते, म्हणजे फाईलीतली ओळ बदलली की कागदावरची बदलणार होती.

आता ताईची फाईल कोणती? आमच्याकडे मुलीच्या कागदाला मुलीचं नाव देत नाहीत. पोरीचं नाव चारचौघांत कशाला, म्हणून फाईल बापाच्या नावाने. आणि आण्णांच्या नावाचे आमच्या आडनावात गावात तीन बाप होते, तिघांनाही लग्नाच्या मुली. एक, दोन, तीन असे आकडे घातलेल्या तीन फाईली. उघडून बघायला हव्या होत्या. पण जिन्यावर कपबशीचा आवाज आला. मी पटकन सेड लिहिला. अपेक्षा या शब्दाने सुरू होणारी ओळ काढ आणि तिथे घाल, अपेक्षा, मुलीचं शिक्षण लग्नानंतरही पूर्ण व्हावं. कुठल्या फाईलीत? मी तारा दिला. तिघींचं भलं झालं तर बिघडलं कुठे, असा माझा हिशोब. तारा त्या तीन फाईलींवर थांबत नाही, खोलीतलं सगळं घेतो, हे मला शिकवून चार दिवससुद्धा झाले नव्हते.

एंटर दाबलं. यंत्र काहीच बोललं नाही. काम झालं की ते गप्पच बसतं. सर आले तेव्हा मी शहाण्यासारखी हाडांची यादी टाईप करत होते.

पाहुणे रविवारी आले. मुलगा, त्याचे वडील आणि आणखी तिघे. पोहे झाले, ताई पाटावर बसली, मी दाराच्या आड. मामाआबांची एक रीत होती. प्रश्न विचारायच्या आधी ते दोन्ही बाजूंचे कागद मोठ्याने वाचायचे, म्हणजे मागून कोणी, आमाला माहीत नव्हतं, असं म्हणायला नको. त्यांनी चष्मा लावला आणि ताईचा कागद वाचायला घेतला. शेवटच्या ओळीवर ते अडखळले, पण वाचली. मुलीचं शिक्षण लग्नानंतरही पूर्ण व्हावं.

आण्णांनी पोह्याची बशी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांच्या कपाळाला आठी पडली. मला हसू आवरेना, मी ओढणी तोंडात धरली. मग मामाआबांनी मुलाचा कागद घेतला. शेती, बोअर, पक्कं घर, मामाचं गाव. आणि शेवटी, अपेक्षा, मुलीचं शिक्षण लग्नानंतरही पूर्ण व्हावं.

माझं हसू तिथेच विझलं. तारा कुठवर गेला होता ते मला त्या क्षणी कळलं.

आण्णा मुलाच्या वडिलांकडे बघत होते, मुलाचे वडील आण्णांकडे. दोघांनीही आपापला कागद शेवटपर्यंत वाचलेला नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. आण्णांनी फक्त गणपती आणि फोटो बघितला होता. पण आपलाच छापील कागद आपण वाचला नाही, हे चारचौघांत कोण कबूल करणार? मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "व्हय. लिहिलंय ते बराबर हाय. आमचं म्हणणं पैल्यापासून तेच." आण्णा लगेच म्हणाले, "मीच सरांना सांगून लिहायला लावलं. शिकलेल्या पोरीला तकलीफ काहून द्यायची?" मामाआबा मांडीवर थाप मारून म्हणाले, एवढ्या वर्षांत दोन्हीकडची अपेक्षा अशी जुळलेली आपण पाहिली नाही. पुढच्याच आठवड्यात साखरपुडा करू, असं बसल्या बैठकीला ठरलं.

ताईने मान वर केली आणि सरळ दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती मला मिठी मारणार.

पाहुणे गेल्यावर तिने मला दंडाला धरून गोठ्यामागे नेलं. "तूच ना?"

मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. सेड, तारा, जिन्यावरच्या कपबशा. ती ऐकून घेत होती आणि तिचे डोळे भरत होते. मला वाटलं आनंदाने.

"मला लग्नच नव्हतं करायचं आता," ती म्हणाली. "त्यांना घरात सून पाहिजे. सासूचे गुडघे गेलेत, समद्या गावाला माहीत हाय. ते विचारणार होते, तुला काही सांगायचं का. मी म्हणणार होते, मी दोन वर्षं कॉलेज सोडणार न्हाई. ते तिथंच उठून गेले असते आणि आण्णांना मला बोलताबी आलं नसतं. तीन दिवस झाले, मी ते वाक्य पाठ करून राहिले. आता काय सांगू? त्यांनी तर हो म्हटलं."

मी म्हटलं, "पण तुला शिकायचं व्हतं ना?"

"मला काय पाहिजे ते तू मला एकदातरी इचारलंस का?"

आण्णांनी तिला न विचारता तीन शब्द लिहिले होते, मी तिला न विचारता अख्खी ओळ लिहिली होती, आणि मी आण्णांपेक्षा शहाणी समजत होते स्वतःला. त्या दिवशी मला माझाच राग आला. तोपर्यंत तो कधी आला नव्हता, त्यामुळे त्याचं काय करायचं ते कळेना.

सोमवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच मी जिन्यावर जाऊन बसले. सर आले. त्यांनी आपला संगणक लावला, मला जवळ बोलावलं आणि वर जायच्या बाणाचं बटण दाबायला लागले. प्रत्येक दाबण्याला जुना हुकूम पडद्यावर येत होता. यंत्र दिलेला प्रत्येक हुकूम लक्षात ठेवतं, हे मला माहीतच नव्हतं. सात-आठ वेळा दाबल्यावर माझा सेड आला, शेपटाला तारा लावून.

"काल चार जण येऊन गेले," सर म्हणाले. "एक पोरगा सातवी नापास, त्याला शिकलेली बायको पाहिजे असं छापून गेलंय. आणि एक बिजवर, वय अठ्ठेचाळीस, त्याच्या कागदावर पण मुलीचं शिक्षण. त्याची बहीण मला विचारती, सर, कोणती मुलगी, कोणतं शिक्षण?" एवढं बोलून ते हसायला लागले, मग मला हसताना बघून थांबले. "माझ्याकडे जुन्या फाईलींची नक्कल आहे. दहा मिनिटांत सगळ्या होत्या तशा होतील. पण जे कागद घरोघर गेले, ते काही मला बदलता येत नाहीत. तुझ्या घरचं तुलाच निस्तरावं लागेल."

निस्तरायचं म्हणजे आण्णांना सांगायचं. संध्याकाळी आण्णा अंगणात तुरीचं बियाणं निवडत बसले होते. आणि गेल्या चोवीस तासांत त्यांनी पारापासून पानटपरीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की, पोरीचं शिक्षण मीच कागदावर लिहायला लावलं. लोक त्यांचं कौतुक करत होते. आता मी जाऊन सांगायचं की, ते तुम्ही लिहिलंच नाही. मार बसेल याची मला भीती होती, केंद्र सुटेल याची त्याहून जास्त.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. आण्णांचा हात सुपातच राहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आण्णांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या कनेरगावच्या माणसानंबी न्हाई लिहिलं?"

"न्हाई."

"आन मी त्याच्यासमोर सांगत बसलो." ते कोणाला म्हणाले कळलं नाही. मग मला म्हणाले, "कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच न्हाई. ताईला आन सरांना माहीत हाय."

त्यांना गप्प राहता आलं असतं. दोघंही बाप आपलंच खरं म्हणत साखरपुड्याला बसले असते. गावातला मान तसाच राहिला असता, आणि मला वाटतं, थोडा वेळ तो विचार त्यांच्या मनात आला. पण तेवढ्यात ताई कॉलेजहून आली, अंगणातली आमची तोंडं पाहिली आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून म्हणाली, "आण्णा, मला हे स्थळ नको. कोणतंच नको, दोन वर्षं." तिचं पाठ केलेलं वाक्य यापेक्षा लांब होतं, नंतर तिने मला ते म्हणून दाखवलं. पण तिथे एवढंच निघालं.

आण्णा चिडले. माझ्यावर, तिच्यावर, सरांवर, मामाआबांच्या चष्म्यावर. आई मधे म्हणाली, "तिला न इचारता तिच्या तोंडची ओळ तुमीबी लिवली, हिनंबी लिवली. आता कोणाला मारायचं ते ठरवा." मग आण्णांनी मामाआबांना फोन लावला. मी भाषा परत मराठी करून दिलेली होती, त्यामुळे लागला. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. "कागदावरचं खरं हाय, मामा," ते म्हणाले, "पण आमी जरा उलटं लिहिलं. आधी शिक्षण, मग लग्न. त्यांना दोन वर्षं थांबा म्हणणं बरं न्हाई, तवा हे स्थळ राहू द्या." पलीकडून मामाआबा किती वेळ बोलत होते. आण्णा फक्त व्हय, व्हय म्हणत होते आणि त्यांच्या मानेला घाम आला होता. त्यांची मला त्या वेळी फार माया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा मला घेऊन केंद्रात आले. ताईपण आली, तिची जीप खालूनच सुटायची. आण्णा म्हणाले, "तिचा कागद तिथून काढून टाका." सरांनी मला खुर्चीवर बसवलं. "आता तिन्ही फाईली उघड आणि वाच. सावकाश." मी वाचल्या. दुसरी ताईची होती.

"आर-एम," सर म्हणाले, "आणि पुढे नाव. पूर्ण नाव. हा हुकूम तुला मी मुद्दाम शिकवला नव्हता. एकदा दिला की फाईल गेली. यंत्र पुन्हा विचारत नाही. माझ्याकडची नक्कलही मी काढून टाकतो."

मी एकेक अक्षर बघून लिहिलं. मग बोट एंटरवर ठेवलं आणि थांबले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा काही करायच्या आधी थांबले असेन.

"आण्णा, दाबू?"

आण्णा माझ्याशेजारी वाकून पडद्याकडे बघत होते. "मला काहून विचारून राहिली? तिला इचार."

मी मागे वळून ताईला विचारलं. खाली हिंगोलीच्या जीपने हॉर्न दिला. ताई टेबलापाशी आली, आपल्या बापाच्या नावाची ती फाईल तिने नीट वाचून घेतली, माझा हात बाजूला केला, स्वतः एंटर दाबलं आणि जीप सुटायच्या आत खाली पळाली.